बसऱ्याला गेलेली माणसे

आमच्या शाळेत दरवर्षी ऑगस्ट महिन्यात जुन्या वस्तूंचे एक छोटेखानी प्रदर्शन भरते. मुले घरच्या माळ्यावरून काय काय घेऊन येतात. पितळी पानाचे डबे, अडकित्ते, मोडी लिपीतले कागद, एखादे पोर्तुगीज नाणे, कधी आजीच्या माहेरचे जातेसुद्धा! काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक चांदीचे पदक घेऊन आला. एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर स्वार झालेला एक उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ असे दोन आकडे. पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे होती. भिंग लावून वाचली तेव्हा एक क्रमांक, 'सिपॉय' हा हुद्दा, एक आडनाव नसलेले मराठी नाव आणि शेवटी '११० महारट्टा' एवढे लागले.

मुलाला काहीच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. पदक त्यांच्या आजोबांचे. "आमचा आज्जा बसऱ्याला गेल्ता सर," ते म्हणाले. "तुर्कानं धरला. रेल्वेवर कामाला घातला. चार वर्सांनी घरी आला तवा कुणी वळखलं न्हाई म्हणं."

मी इतिहासाचा एम.ए. पहिल्या महायुद्धाचा धडा कितीदा शिकवला असेन याची गणती नाही. साराजेव्होचा खून, मार्न, व्हर्दून, व्हर्सायचा तह हे सगळे मला पाठ. हिंदी सैनिक फ्रान्सच्या खंदकात लढले, हे एक वाक्यही मी न चुकता सांगत असे. पण माझ्या शाळेपासून तीन कोसांवरच्या गावातला माणूस तुर्कस्तानात रेल्वेचा भराव घालत होता, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. मग मी वाचायला लागलो. त्या वाचनातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

आपल्या भागातल्या वाचकांना एक तारीख चांगली माहीत असते. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांचे ते नवे पर्व. त्या घटनेविषयी भाषणे होतात, लेख येतात, आणि ते योग्यच आहे. पण तिच्या दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिल १९१६ ला, इराकमधल्या तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कूट-अल-अमारा नावाच्या गावात जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. त्याच्या फौजेचे नाव सहावी डिव्हिजन, म्हणजेच 'पूना डिव्हिजन'. तीत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची माणसे होती. बेळगावात स्वराज्याची मागणी होत असताना सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या मुलखातली शेकडो माणसे बंदुका मोडून नदीत टाकत होती. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पुढे मात्र तो एका वेगळ्याच वाटेने आला, त्याविषयी नंतर सांगतो.

इंग्रज मेसोपोटेमियात का गेले, हे फार लांबवण्यात अर्थ नाही. इराणच्या आखातातले आबादानचे तेल सांभाळायचे होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये फौज उतरली, बसरा पडले, आणि एवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण विजय सोपा गेला की पुढचे गाव खुणावू लागते. कुर्ना, अमारा, कूट अशी एकेक ठाणी घेत फौज बगदादच्या उंबऱ्याशी गेली. मागे पुरेशा बोटी नाहीत, दवाखान्याची सोय नाही, कुमक नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन इथे लढाई झाली. आपले शिपाई त्या जागेला सुलेमान पाक म्हणत, कारण पैगंबरांचे सहकारी सलमान यांची कबर तिथे आहे. मुसलमान शिपायांची मने दुखावू नयेत म्हणून इंग्रज कागदोपत्री टेसिफोन हेच नाव वापरीत. त्या लढाईत अर्ध्याच्या आसपास फौज मेली किंवा जखमी झाली. उरलेली माघार घेत ३ डिसेंबरला कूटमध्ये शिरली आणि चारच दिवसांत तुर्कांनी वेढा आवळला.

वेढ्यात ११०वी मराठा पलटण मुख्य गावात नव्हती. नदीच्या पलीकडच्या काठावर इंग्रज ज्याला 'वूलप्रेस' म्हणत असे एक लहानसे खेडे होते, तिथे ती १२०व्या पलटणीबरोबर होती. मागे नदी आणि पुढे तुर्क. १०३वी, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली जुनी 'जंगी पलटण', ईशान्येकडच्या मातीच्या किल्ल्यात होती. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी त्या किल्ल्याची भिंत फोडली, तेव्हा ऑक्सफर्डशायरच्या गोऱ्यांबरोबर याच मराठ्यांनी हातबॉम्ब फेकून खिंडार अडवले.

पण कूट पडले ते तोफांनी नव्हे, भुकेने. आणि या भुकेत आपल्या माणसांची एक वेगळीच कुचंबणा झाली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

धान्य संपत आले तसे छावणीतले घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. बहुतेक हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नकार दिला. त्यांच्या वाट्याला पीठ, थोडे जव आणि तेही रोज कमी कमी होत जाणारे. भाजीपाला नाही. हिरड्या सुजू लागल्या, दात हलू लागले, जखमा भरेनात. हा स्कर्व्हीचा रोग. शिपाई खंदकाच्या कडेचे गवत आणि रानटी पाला उकडून खाऊ लागले, त्यातल्या काहींना विषबाधा झाली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून 'प्राण वाचवण्यासाठी हे मांस चालेल' असे निरोप बिनतारी यंत्राने मागवण्यात आले. ते आले, वाचून दाखवले गेले, आणि तरीही लोक खाईनात. अधिकाऱ्यांनी कारण विचारले तेव्हा मिळालेल्या उत्तराची नोंद आहे. आम्ही हे खाल्ले असे गावात कळले तर आमच्याशी कोणी सोयरीक करणार नाही, आमच्या मुलींची लग्ने होणार नाहीत, असे ते म्हणाले.

इंग्रज लेखकांनी या गोष्टीची थोडी टिंगल केली आहे, थोडा संताप व्यक्त केला आहे. शिपायांत ताकद उरली नाही म्हणून कूट पडले, असा ठपकाही टाउनशेंडने ठेवला. मला तो अन्यायाचा वाटतो. ज्या माणसाला त्याच्या सेनापतीचा हुकूम आज ऐकायचा आहे पण आपल्या गावात पुढची चाळीस वर्षे काढायची आहेत, त्याने गावाचा विचार आधी केला, तर नवल ते काय? एप्रिलच्या मध्याला, रोजचे पीठ चार औंसांवर, म्हणजे जेमतेम दोन लहान चपात्यांवर आले आणि मांस न खाणाऱ्यास बढती नाही असे ठरले, तेव्हा हजारो हिंदी शिपायांनी डोळे मिटून तो घास घेतला. तोपर्यंत फार उशीर झाला होता.

मी त्या आजोबांना विचारले, "तुमच्या आजोबांनी घोड्याचं मांस खाल्लं होतं का हो?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते घरात बोलायचं न्हवतं. पण आल्यावर वर्सभर पंगतीला येगळा बसवला हुता, असं आमची आई सांगायची."

बाहेरून सुटकेचे प्रयत्न झाले, एकामागून एक. त्यांत सुमारे तेवीस हजार माणसे मेली किंवा जखमी झाली, म्हणजे सोडवायची होती त्यांच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट! विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला असे आकाशातून धान्य पुरवण्याचा जगातला हा पहिलाच प्रयोग, पण बरीच पोती नदीत किंवा तुर्कांच्या खंदकात पडली. जवाचे पीठ दळण्यासाठी जात्याची तळीसुद्धा विमानातून टाकली होती. 'जुलनार' नावाची बोट २७० टन सामान घेऊन रात्री निघाली, ती तुर्कांनी नदीत ताणलेल्या तारेत अडकली. शेवटी तर तुर्कांना वीस लाख पौंड देऊन फौज सोडवून घेण्याची बोलणी झाली. त्या बोलण्यांसाठी गेलेल्यांत पुढे 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला तरुण अधिकारी होता. तुर्कांनी पैसे नाकारले आणि ही लाच जगजाहीर केली.

सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. त्यांत हिंदी शिपाई सुमारे सात हजार. याशिवाय तीन हजारांवर माणसे अशी होती की ज्यांच्या हातात कधी बंदूकच नव्हती. भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले, झाडूवाले. लष्करी भाषेत 'फॉलोअर', मागून चालणारे. कैदेत मात्र ते सर्वांच्या बरोबरीने चालले.

टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर एका बंगल्यात ठेवले. नोकरचाकर, फिरायला मोकळीक, कैदेत असतानाच इंग्लंडच्या राजाकडून 'सर' हा किताब. त्याचा स्पॉट नावाचा लाडका कुत्रा होता. तुर्क सेनापती खलील पाशाने त्या कुत्र्याला सन्मानाने इंग्रजांच्या हवाली केले आणि तो बोटीने इंग्लंडला सुखरूप पोहोचला. शिपायांचे काय झाले ते आता सांगतो.

कूटपासून आठ-नऊ मैलांवर शुमरान इथे सर्वांना उघड्यावर बसवले. पाच महिन्यांच्या उपाशी पोटांना तुर्कांनी आपल्या फौजेची जाड, दगडासारखी बिस्किटे दिली. माणसांनी ती पाण्यात भिजवून अधाशासारखी खाल्ली आणि पटापट मरू लागली. पहिल्या आठवड्यातच सुमारे तीनशे माणसे गेली. इथेच दोन वाटण्या झाल्या. पहिली वाटणी अधिकारी आणि शिपाई यांची. इंग्रज अधिकारी बोटीने बगदादला गेले, शिपाई चालत. त्या काळी लढाऊ पलटणींत हिंदी माणसाला राजाचे कमिशन मिळत नसे, त्यामुळे शिपायांच्या बाजूने बोलणारा अधिकारी जवळ उरला नाही. दुसरी वाटणी धर्माची. तुर्कस्तानचा सुलतान हा खलिफा, म्हणून हिंदी मुसलमानांना वेगळे काढून, विशेषतः त्यांच्या अधिकाऱ्यांना, बरी वागणूक देण्याचे धोरण होते. त्यांनी आपल्या बाजूला यावे ही त्यामागची आशा.

आता मराठा पलटणींची रचना पाहा. तीत देशावरचे मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा तुकड्या एकत्र असत. एकाच तालुक्यातले, एकाच बाजारात गूळ-मिरची विकणारे, एकमेकांची बोली बोलणारे हे लोक. सुलेमान पाकला एकाच खंदकात होते, वूलप्रेसला एकाच पातेल्याकडे बघत बसले होते. खलिफासाठी फितूर झालेले दख्खनी मुसलमान किती, असा प्रश्न कुणाला पडेल म्हणून सांगतो, तुर्कांची ती आशा फारशी फळली नाही.

शुमरान ते बगदाद शंभर मैल. बगदादेतून शहरभर धिंड, मग समारापर्यंत रेल्वे, आणि समाराच्या पुढे रूळ संपलेले. तिथून तिक्रित, मोसूल, नुसैबीन करत रास-अल-ऐनपर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर पायी, जून महिन्यात. आपल्याकडच्या वाचकाने बेळगावहून मुंबईचे अंतर डोळ्यांसमोर आणावे, त्यावर आणखी शंभर किलोमीटर घालावेत, आणि वाटेतली सगळी झाडे काढून टाकावीत. पहारेकऱ्यांनी बूट काढून घेतले, पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, त्या वाटेतल्या गावांत विकल्या. ज्याच्याजवळ अंगठी किंवा चांदीचा करगोटा होता त्याने तो एका भाकरीसाठी दिला. मागे पडेल तो मागेच राही. हगवणीने बेजार झालेली माणसे खानांच्या, म्हणजे तिकडच्या धर्मशाळांच्या, भिंतींशी टेकवून ठेवलेली असत. मागून येणाऱ्या टोळीला ती तशीच, मेलेली दिसत. काही महिन्यांनी त्याच वाटेने गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हे लिहून ठेवले आहे.

हे सगळे तुर्कांच्या क्रूरपणामुळे, असे म्हटले की आपले समाधान होते. पण तुर्क शिपाईसुद्धा त्या वाटेवर फाटक्या चिंध्यांत, अनवाणी आणि अर्धपोटी चालत होते, टायफसने हजारोंनी मरत होते. ज्या सरकारला स्वतःची फौज पोसता येत नव्हती त्याने तेरा हजार आजारी माणसे पदरात घेतली. क्रूरपणा होताच, पण त्याहून अधिक बेपर्वाई होती. मेलेल्याला त्यात फरक पडत नाही हे खरे.

रास-अल-ऐन म्हणजे 'झऱ्यांचे मुख'. खाबूर नदी इथल्या झऱ्यांतून निघते. नाव गोड, जागा भयंकर. बर्लिन ते बगदाद अशी रेल्वे बांधण्याचे जर्मनीचे मोठे स्वप्न होते. जर्मन बँकेचे भांडवल, जर्मन कंत्राटदार, जर्मन इंजिनिअर. युद्ध सुरू झाले तेव्हा या रेल्वेत दोन मोठी खिंडारे होती. एक तोरोस आणि अमानुस डोंगरांतल्या बोगद्यांचे, दुसरे रास-अल-ऐनच्या पूर्वेकडचे. ती भरून काढल्याशिवाय तुर्कांना मेसोपोटेमियाच्या आघाडीवर तोफा नेता येईनात. कूटचे कैदी नेमके या वेळी हाती आले. गोऱ्या शिपायांपैकी पुष्कळांना अमानुसच्या बोगद्यांत बाघचे इथे पाठवले. हिंदी शिपायांपैकी मोठा भाग रास-अल-ऐनलाच ठेवला आणि नुसैबीनच्या दिशेने रूळ पुढे नेण्याच्या कामावर लावला.

काम म्हणजे काय? भराव घालणे, खडी फोडणे, मालगाडीतून रूळ आणि स्लीपर उतरवून खांद्यावरून वाहून नेणे. डोंगर नाही, झाड नाही, सपाट माळ. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावला तर चटका बसावा, हिवाळ्यात तंबूवर दहिवर गोठावे. जेवायला भरड पाव आणि 'बुल्गूर', म्हणजे आपल्या गव्हाच्या लापशीसारखा पदार्थ, तोही बिनमिठाचा. मजुरी मिळे ती थोडे पियास्तर. तुर्की कागदी पैशाची किंमत रोज घसरत होती, त्यामुळे दिवसभराच्या कामाचे मोल संध्याकाळी भाकरीपुरतेही उरत नसे. १९०७ च्या हेग कराराने युद्धकैद्यांकडून काम घेण्यास परवानगी दिली आहे. मात्र ते काम अतिरेकी नसावे, युद्धाच्या हालचालींशी त्याचा संबंध नसावा आणि कैद्याला अन्न आपल्या शिपायाइतके मिळावे, अशा तीन अटी आहेत. रास-अल-ऐनला पहिल्या दोन्ही अटी रोज सकाळी मोडल्या जात. तिसरी मात्र, तुर्क शिपायाचीच अवस्था पाहता, एका विचित्र अर्थाने पाळली जात होती!

एवढ्यावर त्या जागेचे दुर्भाग्य संपत नाही. आपली माणसे तिथे पोहोचण्याच्या आधी काही महिने तिथे अर्मेनियन निर्वासितांची छावणी होती. तुर्क सरकारने अनातोलियातून हाकलून दिलेली अर्मेनियन कुटुंबे, बायका-मुले, तिथे आणून ठेवली होती. १९१६ च्या वसंतात त्यांची कत्तल झाली. कैद्यांनी वाटेत ओसाड गावे पाहिली, प्रेतांनी भरलेल्या विहिरी पाहिल्या, हाडे पाहिली. स्वतःच मरणाच्या दारात असलेल्या मराठी शिपायाने शतकातल्या एका मोठ्या संहाराच्या खुणा पाहिल्या आणि त्याचे नावही त्याला ठाऊक नव्हते.

हे आपल्याला कळते ते बंगाली माणसांमुळे. कूटमध्ये 'बंगाल अँब्युलन्स कोअर'ची स्वयंसेवक मंडळी होती, शिकलेली, शहरी. त्यांतल्या शिशिर सर्वाधिकारी याने रोजनिशी ठेवली होती. कूट पडल्यावर ती फाडून त्याने तुकडे बुटात लपवले, पुढे त्यावरून पुन्हा लिहून काढली. रास-अल-ऐनच्या इस्पितळात त्याने रुग्णसेवा केली. त्याचे 'अभि ले बगदाद' हे पुस्तक १९५७ साली निघाले. कल्याणकुमार मुखर्जी नावाचे एक डॉक्टर कॅप्टन होते, ते कैद्यांची सेवा करता करता १९१७ साली रास-अल-ऐनलाच वारले. त्यांची पत्रे जपून त्यांच्या आजीने, मोक्षदादेवीने, म्हातारपणी 'कल्याण-प्रदीप' हे पुस्तक लिहिले. इंग्रज अधिकाऱ्यांनी तर ढीगभर पुस्तके लिहिली. त्यांतला एक, जोन्स, याने योजगादच्या तुरुंगात प्लँचेटचा खेळ रचून, भुताच्या नावाने तुर्क किल्लेदाराला खजिन्याच्या मागे लावून सुटकेचा कट केला. त्याचे पुस्तक आजही मजेने वाचले जाते. आपल्या पलटणींतल्या शिपायाच्या हातचे असे पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि ज्यांना होती त्यांनी परत आल्यावर जे खाल्ले, जे पाहिले ते लपवण्यातच शहाणपण मानले.

मृत्यूचे आकडे असे. कैदेत नेलेले हिंदी शिपाई आणि नोकर मिळून सुमारे ९,३००, त्यांतले सुमारे २,५०० परतले नाहीत. इंग्रज शिपाई सुमारे २,६००, त्यांतले १,७०० हून अधिक मेले. गोऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे, हे नाकारता येणार नाही. उन्हाची सवय, कोंड्याच्या भाकरीची सवय, उघड्यावर झोपण्याची सवय आपल्या शिपायांच्या कामी आली असावी, असे मला वाटते. पण २,५०० या आकड्यातही जवळजवळ निम्मे असे होते की त्यांचा केवळ पत्ता लागला नाही. ते कुठे पडले, कधी पडले, कुणी मूठभर माती टाकली की नाही, कशाचीच नोंद नाही. गोऱ्याचा पत्ता लागेपर्यंत शोध घेतला जाई, हिंदी शिपायाचा रकाना 'बेपत्ता' लिहून भरला जाई.

मघाशी ज्या वाटेचा उल्लेख केला ती अशी. मेसोपोटेमियातल्या या गोंधळाची इंग्लंडात चौकशी झाली. आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये बाहेर आला आणि त्यात हिंदुस्थान सरकारच्या कारभाराचे वाभाडे निघाले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले एडविन माँटेग्यू. त्यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्या घोषणेमागे होमरूल चळवळीचे दडपण होते, हे आपण पुस्तकात शिकवतो. मंत्र्याची खुर्ची रिकामी करायला कूटचे कैदी कारणीभूत झाले, हे शिकवत नाही. मी आता शिकवतो.

३० ऑक्टोबर १९१८ ला मुद्रोसच्या बंदरात युद्धतहकुबीचा करार झाला आणि सर्व कैदी विनाशर्त सोडण्याचे ठरले. माणसे बोटींनी मुंबईच्या धक्क्याला लागली. तिथून आगगाडी, मग बैलगाडी, मग पायवाट. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाने आपल्या भागात घरेच्या घरे ओस पडली होती. काहींना तुर्कस्तानातून जिवंत परत येऊन घरी कुलूप दिसले असेल, असे मनात येते. १९२२ साली फौजेची नवी रचना झाली, १०३, ११० आणि ११७ या पलटणी एका मराठा रेजिमेंटमध्ये आल्या आणि तिचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आले. आज आपण ज्याला सहजपणे 'मराठा सेंटर' म्हणतो, जिथल्या बिगुलावर कॅम्पातली माणसे घड्याळ लावत असत, त्याच्या पाठीमागे ही गोष्ट उभी आहे.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांचे स्मारक बसऱ्याला आहे. इंग्रजांची नावे त्यावर कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव, आणि खाली 'इतके इतर हिंदी शिपाई' असा आकडा. नावे नाहीत! १९९७ साली इराक सरकारने ते स्मारक बंदरातून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन उभे केले. २०२१ साली युद्धसमाधी आयोगाने स्वतःच अहवाल काढून, आशियाई आणि आफ्रिकी शिपायांच्या स्मरणात भेदभाव झाल्याचे मान्य केले आणि क्षमा मागितली. आपल्याकडे सातारा, रत्नागिरी, बेळगाव भागात कित्येक गावांच्या चावडीवर एक दगड बसवलेला दिसतो. या गावातून महायुद्धात अमुक माणसे गेली, अमुक मेली. तिथेही आकडाच असतो. त्या दगडांना आज कुठे शेंदूर लागला आहे, कुठे सायकली टेकलेल्या असतात.

म्हणून मला ते पदक मोलाचे वाटले. हिंदी शिपायाचे नाव सरकारने कोरले ते फक्त त्याच्या पदकाच्या कडेवर, आणि चांदीचा भाव वाढला की अशी किती पदके सोनाराच्या मुशीत गेली असतील.

सगळे वाचून झाल्यावर मी त्या आजोबांना पुन्हा बोलावले. नकाशा उघडून कूट दाखवले, वूलप्रेसची जागा दाखवली, बोटाने रास-अल-ऐनपर्यंतची वाट दाखवली. ते सारखे "एवढं लांब?" म्हणत होते. मग त्यांनी विचारले, "आन् ती रेल्वे? ती हाय का अजून?"

ती आहे. १९२१ साली फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी अंकाऱ्याला करार केला तेव्हा तुर्कस्तान आणि सीरिया यांच्यामधली सीमा कुठून न्यायची हा प्रश्न पडला. नदी नाही, डोंगर नाही. मग ठरले, की रेल्वेचा रूळ हीच सीमा. नुसैबीनपर्यंत शेकडो किलोमीटर ती तशीच चालत जाते. रास-अल-ऐन गावाचे दोन तुकडे झाले. स्टेशनाकडचा भाग तुर्कस्तानात जेलानपिनार म्हणून गेला, झऱ्यांकडचा सीरियात राहिला. एकाच घरातले भाऊ दोन देशांत वाटले गेले. पुढे तिथे काटेरी तारा आल्या, सुरुंग पेरले गेले.

हे सांगितल्यावर आजोबा नकाशाकडे बघत राहिले. "म्हंजे आमच्या आज्ज्यानं घातलेल्या भरावावर शीव पडली म्हणा की," ते म्हणाले आणि कपाळाला हात लावून हसले. "तिकडंबी सीमाभाग!"

पदक त्यांनी पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळले. कडेवरचा क्रमांक आणि नाव मी प्रदर्शनाच्या वहीत उतरवून घेतले होते. ते एकदा वाचून दाखवायला त्यांनी मला सांगितले. मी वाचले. मग नातवाला हाक मारून ते साडेपाचच्या एस.टी.ला निघाले.